शिडीचे चार पालक

३ फेब्रुवारीला, मंगळवारी, कॉलेजच्या सूचनाफलकावर एक यादी लागली. यादीत एकोणीस नावं होती आणि शेवटच्या नावापुढे दंड लिहिला होता : रुपये आठशे साठ फक्त. संख्याशास्त्राचे बुडवलेले तास त्रेचाळीस, दर तासाला वीस रुपये. नाव परदेशी होतं. टाइप करणाऱ्याने त्याची दोन ठिकाणी मोडतोड केली होती, पण त्याने काही बिघडलं नाही, कारण तो राहायचा त्या गल्लीत ते नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. गल्लीत त्याला सगळे शिडी म्हणत.

शिडी सहा फूट पाच इंच होता. दीड वर्षापूर्वी तो शिष्यवृत्तीवर शिकायला समुद्रापलीकडून आला आणि सारी गल्ली जिला मावशी म्हणते त्या घरमालकिणीकडे दुसऱ्या मजल्यावरची खोली त्याने भाड्याने घेतली. त्या खोलीची चौकट सहा फुटांची. पहिले दोन दिवस त्याचं कपाळ चौकटीवर आपटलं. तिसऱ्या दिवसापासून तो दारातून आत-बाहेर करताना कमरेत वाकू लागला. मावशी समोरच्या दारात भाजी निवडत बसलेली असायची. तिला वाटलं, पोरगा जाता-येता आपल्याला नमस्कार करतो. "परदेशातला असून किती वळण आहे बघा," असं ती चार घरी सांगून आली, आणि त्या महिन्याचं पाणीपट्टीचं वेगळं बिल तिने त्याला लावलं नाही. खरं काय ते शिडीला कळलं होतं. पण कपाळही वाचत होतं आणि पाणीपट्टीही, म्हणून तो गप्प राहिला.

नाव पडलं ते जिन्यातल्या दिव्यामुळे. तो दिवा चार महिने बंद होता. नवा बल्ब कधीच आणलेला होता, फक्त तो लावायला स्टूल कुणाचं घ्यायचं यावर एकमत होत नव्हतं. एके दिवशी शिडी जिना उतरता उतरता थांबला, हात वर केला, जुना बल्ब काढून नवा फिरवला. लख्ख उजेड पडला. तळमजल्यावरच्या शिंप्याने दुकानातून मान बाहेर काढली.

"अरे, ही तर चालती-बोलती शिडी आहे!"

तिथून पुढे शिडीला उसंत मिळाली नाही. मावशीच्या माळ्यावर एकवीस डबे होते. त्यातल्या एकात तिच्या प्रेशर कुकरची जुनी शिट्टी होती, पण कुठल्या, ते तिला आठवत नव्हतं. म्हणून एका दिवशी एकच डबा खाली यायचा, उघडून पाहिला जायचा आणि वर जायचा. पहिल्या मजल्यावरचे मास्तर शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना शब्दकोशाचा नेमका वरच्या फळीवरचा खंड लागायचा. शिंप्याला शिवून झालेले कपडे छताजवळच्या दांडीवर टांगायचे असत. कोपऱ्यावरच्या खानावळीचे मालक अंगाने एवढे भारी की ते स्टुलावर चढले तर स्टूल राहत नसे. त्यांच्या भटारखान्याच्या पंख्यावरची काजळी शिडीनेच पुसायची.

आणि ही सगळी कामं सकाळी सात वाजून दहा मिनिटांनीच निघत. कारण शिडी कॉलेजला जायला त्या वेळी जिना उतरतो हे साऱ्या गल्लीला माहीत होतं.

"अरे शिडी, दोनच मिनिटं!"

दोन मिनिटांचं काम पाऊण तास चालायचं. वरून चहा. चहाला नाही म्हटलं तर चौकशी, की बरं नाही का? साडेसातचा संख्याशास्त्राचा तास तोवर निम्मा झालेला असायचा, आणि तिथले सर दार लावून घेत.

शिडीला नाही म्हणता येत नव्हतं. तिकडे त्याच्या घरी तो आणि आई दोघंच. आई बस चालवायची. शेजारच्या दारामागे अकरा वर्षं कोण राहतं हे त्यांना पत्रपेटीवरच्या नावापलीकडे ठाऊक नव्हतं. इथे दिवसातून सात वेळा दार वाजायचं. पहिल्या आठवड्यात त्याला त्याची धास्ती वाटायची. नंतर एका रविवारी दार वाजलंच नाही, तेव्हा तोच खाली जाऊन विचारून आला, सगळं ठीक आहे ना म्हणून.

आता पालकांचं. प्रवेशाच्या वेळी कॉलेजने एक फॉर्म दिला होता. स्थानिक पालकाचं नाव, विद्यार्थ्याशी नातं, सही आणि फोटो. शिडीने तो मावशीकडून भरून घेतला. नात्याच्या रकान्यात तिने ठसठशीत अक्षरात 'मावशी' लिहिलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांना ते कळलं.

"चाळीस वर्षं मी मुलं घडवली, आणि पालक म्हणून सही त्या बाईची? तिला धड अर्जाचा मायना येत नाही!"

शिडी नवीन फॉर्म घेऊन आला. मास्तरांनी 'आजोबा' लिहिलं. मग खानावळवाले रुसले. रोज दोन वेळा पोराला पोटभर वाढणारा पालक नाही, तर कोण पालक? त्यांनी 'काका' लिहिलं. शिंप्याने तोंड फुगवून त्याच्या पँटच्या शिलाईचे पैसे परत केले, तेव्हा शिडी समजला आणि चौथा फॉर्म घेऊन आला. शिंप्याने 'मामा' लिहिलं.

आपण एकटेच खरे पालक, बाकीच्यांचं नुसतं मन राखलंय, असं चौघांनाही वाटत होतं. शिडीने चारही फॉर्म खिडकीत दिले, कारण कुठला ठेवायचा आणि कुठला फाडायचा हे त्याच्याने ठरेना. खिडकीतले हजेरीचे साहेब तेहतीस वर्षं एकच नियम पाळत आले होते : सही असलेला कागद फेकायचा नाही. त्यांनी चारही कागद फाइलला लावले, त्यांवर एक ते चार आकडे टाकले आणि फाइल बांधून ठेवली.

म्हणून ५ फेब्रुवारीला गल्लीत पोस्टाने चार पाकिटं आली. चारही पाकिटांत एकच मजकूर. आपल्या पाल्याची हजेरी अपुरी आहे, तरी पालकांनी शुक्रवारी अकरा वाजता प्राचार्यांना समक्ष भेटावं.

संध्याकाळी मावशीने शिडीला जिन्यात गाठलं. "कुणाला बोलू नकोस. मी बघते त्या प्राचार्याकडे."

मास्तर म्हणाले, "ही गोष्ट आपल्या दोघांत राहू दे."

खानावळवाल्यांनी न मागता चौथी वाटी वाढली आणि डोळा मारला. शिंपी म्हणाला, "शिडीभाऊ, मामा जिवंत आहे तोवर घाबरायचं काम नाही."

त्या रात्री शिडी जेवला नाही. चौघांपैकी एकाने जरी प्रेमाने शब्द टाकला असता तर निभावलं असतं. चौघांनी टाकला तर काय होणार, हे समजायला त्याला संख्याशास्त्र लागलं नाही.

शुक्रवारी मावशी ठेवणीतले कपडे घालून, बँकेत जाते म्हणून निघाली. मास्तर वाचनालयात जातो म्हणाले. शिंपी बटणं आणायला निघाला. खानावळवाल्यांनी तर भर सकाळी कुलूप लावलं, जे त्यांनी मुलीच्या लग्नातही लावलं नव्हतं. अकराला पाच कमी असताना चौघंही प्राचार्यांच्या दाराबाहेरच्या एकाच बाकावर भेटले.

"बँक इथे आली वाटतं, मावशी?" मास्तर म्हणाले.

"हो ना. वाचनालयाच्या शेजारीच."

बाकाच्या टोकाला शिडी गुडघे हनुवटीला लावून बसला होता. बोलायला तोंड उघडणार तोच पहिला पुकारा झाला. आकडे साहेबांनी आपल्या पद्धतीने लावले होते, सर्वांत ताजा फॉर्म आधी. शिंपी आत गेला. दार उघडंच राहिलं.

प्राचार्या बाई होत्या. बारीक अंगाच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. हजेरीचे साहेब शेजारी रजिस्टर घेऊन उभे.

"आपण मामा. म्हणजे याच्या आईचे भाऊ?"

"होय बाई. म्हणजे लांबचा."

"किती लांबचा?"

शिंप्याने सवयीने गळ्यातली टेप चाचपली. "बराच."

"त्रेचाळीस तास का बुडाले याचे?"

"काय सांगू बाई. घरात दुःखद घटना घडली. काका वारले त्याचे."

"अरेरे. आणि त्याला त्रेचाळीस दिवस लागले?"

"फार जीव होता हो त्यांचा पोरावर."

साहेबांनी फाइलचं पान उलटलं आणि दाराकडे पाहून पुकारलं, "पुढचे पालक. नातं : काका."

खानावळवाले आत आले. जिना चढून धाप लागली होती, पण एरवी तब्येत ठणठणीत होती. प्राचार्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यात थोडा वेळ गेला.

"बसा. आपण वारला होतात ना?"

"मी? कधी?"

"हे आपले मेहुणे सांगताहेत."

खानावळवाल्यांनी शिंप्याकडे पाहिलं. "आज रात्री ये जेवायला. बघतो तुझ्याकडे."

मावशीला बाहेर राहवेना. पुकारा व्हायच्या आधीच ती आत घुसली. "बाई, या पुरुषांचं काही ऐकू नका. कुणी मेलंबिलं नाही. पोराला विषमज्वर झाला होता. अंगाला हात लावला तर चटका बसायचा. मी उशाशी बसून होते!"

साहेब रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले, "बाकीच्या विषयांना त्याच दिवशी हजेरी पूर्ण आहे."

मावशी क्षणभरच अडखळली. "ताप सकाळीच यायचा. साडेआठला उतरायचा."

तोवर मास्तरही चौकटीत येऊन उभे राहिले होते. त्यांनी घसा खाकरला. "बाई, मी शिक्षक आहे. मी असत्य बोलणार नाही. या मुलाला सकाळच्या वेळी कमी ऐकू येतं."

प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मुलाला बोलवा."

शिडी कमरेत वाकून आत आला. प्राचार्यांना वाटलं, नमस्कार करतोय. त्या जरा नरमल्या.

"तू सांग. कुठे असायचास?"

शिडीने चौघांकडे पाहिलं. चौघंही त्याच्याकडे पाहत होते. त्याने मान वर केली आणि छताकडे नजर लावली. तिथल्या पंख्याची वाटी एका बाजूने सुटली होती.

"माझी चूक आहे, बाई," तो म्हणाला. "मी उशिरा निघायचो."

"साहेब, तारखा वाचा."

साहेबांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. "नऊ जुलै."

मावशीने कान टवकारले.

"दहा जुलै. अकरा जुलै. बारा जुलै. चौदा जुलै."

"अगंबाई," मावशी पुटपुटली. "ते तर माझे पितळी डबे."

"सव्वीस ऑगस्ट."

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "खंड पाचवा," ते कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाले. "सत्तावीसला परत ठेवला."

"सत्तावीस ऑगस्ट," साहेब म्हणाले.

पुढे साहेब तारीख वाचायचे आणि चौघांपैकी एकाची मान खाली जायची. शेवटी हिशेब लागला. मावशीचे सतरा, खानावळवाल्यांचे अकरा, मास्तरांचे नऊ, शिंप्याचे सहा. एकूण त्रेचाळीस. साहेबांनी बेरीज दोनदा तपासली, कारण एवढी चोख बेरीज त्यांनाही क्वचितच भेटायची.

"म्हणजे पोरगा माझ्या कॉलेजात नव्हता, तुमच्या नोकरीत होता," प्राचार्या म्हणाल्या. "आता ऐका. पंचाहत्तर टक्क्यांखाली मी परीक्षेला बसू देत नाही. साहेब, काय राहिलंय?"

"झालेले तास एकशे साठ, हजर एकशे सतरा. सर रजेवर आहेत, सोमवारी येतील. पुढे चौदा तास व्हायचे आहेत. चौदाही भरले तर पंचाहत्तरच्या जरासं वर. तेरा भरले तर खाली."

"म्हणजे एक जरी चुकला तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर शिष्यवृत्ती नाही. आणि शिष्यवृत्ती नाही तर इथे राहायची परवानगीही नाही. मग चौघंही जा त्याला विमानतळावर सोडायला. पालक आहात ना?"

चौघं उठले. शिडीचं लक्ष पुन्हा पंख्याकडे गेलं. हात आपसूक वर निघालाच होता.

"तू नाही," प्राचार्या कडाडल्या. "शिपायाला सांगेन मी."

परतताना चौघं रस्त्याच्या कडेने एकामागे एक चालत होते. दंड शिडीने भरायचा नाही हे बोलण्याआधीच ठरलं होतं. कुणी किती भरायचा, यावर मात्र तीन चौक वाद झाला.

"मी सहाच तास बुडवले," शिंपी म्हणाला. "सहा गुणिले वीस, एकशे वीस. त्यावर एक पैसा नाही."

"आणि मला जिवंतपणी मारलंस त्याचे किती?" खानावळवाल्यांनी विचारलं.

मास्तरांनी निकाल दिला. सारखे चार भाग, प्रत्येकी दोनशे पंधरा. शिंप्याने खिसा उलटा करून एकशे ऐंशी काढले. उरलेले मावशीने आपल्या बटव्यातून घातले आणि त्याच दुपारी पावती आणली.

घरी आल्यावर शिडीने आईला फोन लावला. तिने बसमध्ये समोरच्या काचेजवळ त्याचा ओळखपत्राचा फोटो लावला होता आणि प्रवाशांना सांगायची, माझा मुलगा शिकायला गेलाय. सगळं ठीक ना, असं तिने विचारलं. शिडी म्हणाला, ठीक आहे, इथले चौघं जण मला कॉलेजला सोडायला येणार आहेत. ती बराच वेळ हसली. तिला ती थट्टा वाटली.

थट्टा नव्हती. सोमवारी जिन्याच्या तोंडाशी मास्तरांच्या वळणदार अक्षरातला कागद लागला : 'सकाळी सात ते साडेआठ शिडी मिळणार नाही. हुकमावरून, पालक मंडळ.' पाळ्या लागल्या. सात वाजून पाच मिनिटांनी ज्याची पाळी तो दार वाजवायचा आणि शिडीला कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचवून यायचा. त्याच्या दोन ढांगांत खानावळवाल्यांची सात पावलं व्हायची. दुसऱ्या पाळीला ते रिक्षाने मागून आले. मास्तर वाटेत संख्याशास्त्राची उजळणी घेत, आणि ती त्यांना येत नसल्यामुळे शिडीच त्यांना शिकवत जाई.

मोह सगळ्यांनाच होत होता. चौथ्या दिवशी मावशी दारात उभी राहून हळूच म्हणाली, "शिडी, जाता जाता फक्त एक डबा—"

खालून मास्तरांचं खाकरणं ऐकू आलं.

"—किती गंजलाय म्हणून बघत होते हो!" मावशीने खाली ओरडून सांगितलं.

आणि रोज सकाळी जिन्यात मावशी आणि शिंपी भेटले की तिचा ठरलेला प्रश्न असे.

"काय टेलर, माझे पस्तीस रुपये?"

"मोडून आणतो, मावशी. सुट्टे नाहीत."

"मोड आणायला काय शेत पेरलंय का?"

असे तेरा तास भरले.

चौदावा तास २४ तारखेला, मंगळवारी. पाळी शिंप्याची. सात वाजता गच्चीवरच्या टाकीचा पाइप निसटला. पाणी जिन्याच्या भिंतीवरून धो धो उतरलं आणि थेट शिंप्याच्या दुकानात घुसलं. आत दांडीवर आणि टेबलावर शाळेचे अठरा गणवेश होते, दुपारी द्यायचे. पाणी बंद करायचा कॉक पहिल्या मजल्याच्या बोळात, छताला टेकून. बसवणाऱ्या प्लंबरने तो आपल्या शिडीवर चढून बसवला होता आणि जाताना शिडी घेऊन गेला होता.

शिडी आवाज ऐकून धावत खाली आला. त्याने वर कॉक पाहिला, खाली दुकान पाहिलं. शिंपी पाण्यात उभा राहून दोन्ही हातांनी गणवेश उचलत होता.

"मामा, एक मिनिट, मी बंद—"

शिंप्याने वर पाहिलं. कॉक गंजलेला होता. त्याला पाना लागणार होता, पाना शोधावा लागणार होता, आणि दोन मिनिटं म्हणजे किती हे शिंप्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"तू जा."

"पण कपडे तुमचे—"

"अरे जा ना! पालक कोण आहे, तू की मी?"

"मामा—"

"मागे वळून पाहिलंस तर तंगडी आखूड करीन! मापं आहेत माझ्याकडे!"

शिडी पळाला. आज त्याला पोचवायला कुणी नव्हतं. सात अठ्ठावीसला तो वर्गात शिरला. गडबडीत वाकायचं विसरला आणि कपाळ चौकटीवर आपटलं. सरांनी नाव पुकारलं, दोनदा मोडून. एका हाताने कपाळ दाबून तो म्हणाला, "हजर."

साडेआठला तास सुटताच तो धावत परतला तेव्हा पाणी थांबलं होतं. बोळात शिंप्याचं कापड बेतायचं टेबल उभं केलं होतं. टेबलावर खुर्ची होती आणि खुर्चीवर मास्तर. कॉक त्यांनी केव्हाच बंद केला होता, पण खाली पाहिल्यावर त्यांना भोवळ आली होती आणि आता ते कॉक सोडायला तयार नव्हते. खुर्ची धरून खानावळवाले घामाघूम झाले होते. मावशी हातात पाना घेऊन खालून हुकूम सोडत होती.

"मास्तर, डावा पाय आधी!"

"मावशी, मला माझे पाय सापडत नाहीत!"

शिडीने हात वर केले, मास्तरांना कमरेला धरलं आणि वरच्या फळीवरचा खंड उतरवावा तसं अलगद जमिनीवर ठेवलं.

"भरला?" मास्तरांनी विचारलं.

"भरला."

खानावळवाले खुर्चीवर मटकन बसले. खुर्ची मोडली. आधी मावशी हसली, आणि तिच्यामागून सगळेच.

शिंपी दुकानात होता. अठरापैकी नऊ गणवेश भिजले होते. तो एकेक इस्त्रीने वाळवत होता, वाफेत त्याचं तोंड दिसत नव्हतं. शिडी दारात वाकून उभा राहिला.

"तास किती झाले?" शिंप्याने मान न वळवता विचारलं.

"एकशे एकतीस."

"मग ती वरची दांडी पूस. वेळ आहे ना आता?"

शिडीने दांडी पुसली आणि वाळलेले गणवेश एकेक करून वर टांगले. दुपारी साडेतीनला अठराही गेले.

शिडी परीक्षेला बसला आणि संख्याशास्त्रात पास झाला. कुकरची शिट्टी अठराव्या डब्यात सापडली. जिन्यात मावशी आणि शिंपी रोज भेटतात. सुट्ट्या पैशांचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही.

शिंप्याकडून मावशीचे पस्तीस रुपये अजून येणं आहेत.